बर्नर पेटतो, तीन सेकंदांत विझतो आणि लाल दिवा लागतो: फ्लेम डिटेक्शनचा बिघाड कसा शोधायचा

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या पावडर कोटिंगच्या भट्ट्या आणि बेकऱ्यांचे रोटरी ओव्हन, यांच्यावरचे गॅस बर्नर दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. तक्रार बहुतेक वेळा ठरलेल्या शब्दांत येते: "बर्नर लॉकआउटला जातोय, सेन्सर गेलाय, येताना नवा घेऊन या." लॉकआउट म्हणजे बर्नर चालवणारा कंट्रोलर गॅस बंद करून लाल दिवा लावतो ते. सेन्सर म्हणजे ज्योत ओळखणारा भाग: ज्योतीत शिरलेली फ्लेम रॉड ही सळई किंवा ज्योतीचे अतिनील किरण बघणारा युव्ही सेल. जाऊन बघावं तर सेन्सर धडधाकट असतो. ज्योतही व्यवस्थित पेटत असते. फक्त ती पेटल्याची खबर कंट्रोलरपर्यंत पोहोचत नसते, आणि ती वाटेत अडते ती बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये, काजळीत किंवा एखाद्या सैल लगमध्ये (लग म्हणजे वायरच्या टोकाचा धातूचा जोड). यातलं बरंचसं तुमच्या कारखान्याचा मेंटेनन्सवाला माणूस स्वतः तपासू शकतो. काही गोष्टींना मात्र त्यानं हात लावायचा नाही, त्या कोणत्या तेही जागोजागी सांगतो.

हे सगळं ब्लोअरसकट एकाच बॉडीत येणाऱ्या मोनोब्लॉक बर्नरसाठी आहे. गॅस एलपीजी असो वा पाइपनं येणारा पीएनजी. तुमचा बर्नर बॉयलरवर असेल तर बाहेरून बघणं, लक्षणं लिहून ठेवणं एवढंच करा. बाकीचं बॉयलर अटेंडंट आणि बर्नरची कंपनी बघेल.

आधी लक्षणं नीट बघा

बर्नर सुरू होताना ठरलेल्या क्रमानं जातो. आधी ब्लोअर फिरून भट्टीतला जुना गॅस-धूर बाहेर काढतो, याला पर्ज म्हणतात. मग ठिणगी सुरू होते, गॅसचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडतो आणि ज्योत पेटते. इथून पुढे कंट्रोलर दोन ते पाच सेकंदच थांबतो (हा सेफ्टी टाइम, आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो). तेवढ्यात ज्योतीचा सिग्नल आला नाही तर व्हॉल्व्ह बंद आणि लाल दिवा. म्हणून बिघाड शोधताना पहिला प्रश्न हा, की हा क्रम नेमका कुठे तुटला?

पीप होलमधून, म्हणजे ज्योत बघायच्या लहान भोकातून, बघा. ठिणगी दिसली, निळी ज्योत आली, दोन-तीन सेकंद टिकली आणि "खट्" आवाज होऊन विझली, तर ज्योत आहे पण ती ओळखली जात नाही. हा लेख मुख्यतः त्यासाठीच आहे.

नुसती ठिणगी दिसली आणि ज्योत आलीच नाही, तर डिटेक्शनचा काही दोष नाही. गॅस येत नाहीये किंवा हवा जास्त आहे. ठिणगीसुद्धा दिसली नाही तर इग्निशन ट्रान्सफॉर्मर, त्याची केबल, इलेक्ट्रोडमधलं अंतर. रॉड बदलून यातलं काहीही सुटणार नाही, तरी लोक पहिल्यांदा रॉडच बदलतात.

बर्नर वीस-पंचवीस मिनिटं छान चालून मग जात असेल, तर तापल्यावर उघडणारी, रॉडभोवतीच्या पोर्सेलिनची बारीक चीर, सैल लग, गरम झालेला युव्ही सेल किंवा हळूहळू पडणारं गॅसचं प्रेशर यांतलं काहीतरी आहे.

आणि पर्ज चालू असतानाच, गॅस सुटायच्या आधीच लॉकआउट होत असेल, तर उलटा मामला: ज्योत नाही आणि कंट्रोलरला ती दिसतेय. हे लक्षण सगळ्यांत गंभीर. त्याबद्दल पुढे युव्ही सेलच्या भागात सांगतो.

वेळेचीही नोंद ठेवा. फक्त जनरेटरवर होतं का? फक्त शुक्रवारी सकाळी, गुरुवारची सुट्टी संपल्यावर पहिल्या स्टार्टला होतं का? सिलिंडर संपत आले की होतं का? या तीन प्रश्नांची उत्तरं हातात असली की अर्धं काम स्क्रूड्रायव्हर न उचलता होतं.

रिसेटचं बटण दोनदा, तिसऱ्यांदा नाही

प्रत्येक फसलेल्या स्टार्टमध्ये काही सेकंद न जळलेला गॅस भट्टीत जातो. पर्ज तो बाहेर काढतो हे खरं, पण पर्जची वेळ ठरवणाऱ्यानं हे गृहीत धरलेलं असतं की कोणी एकामागून एक दहा वेळा बटण दाबत बसणार नाही. प्रॉडक्शन अडलंय म्हणून हेल्परला बटणापाशी उभा करणारे कारखाने मी पाहिलेत. दोनदा रिसेट करून बर्नर टिकला नाही तर मेन गॅस व्हॉल्व्ह हातानं बंद करा आणि पुढचं वाचा.

आणि रिसेट करायच्या आधी कंट्रोलर काय सांगतोय ते ऐकून घ्या. सीमेन्सच्या एलएमई मालिकेत लॉकआउटनंतर बटण तीन सेकंदांपेक्षा जास्त दाबून ठेवलं की लाल दिवा मोजून उघडझाप करतो. दोन वेळा म्हणजे ठरलेल्या वेळेत ज्योत मिळाली नाही. चार वेळा म्हणजे सुरू होतानाच, ज्योत नसायला हवी तेव्हा ती दिसली. सात वेळा म्हणजे चालू असताना ज्योत पुन्हा पुन्हा हरवली. तीन वेळा म्हणजे एअर प्रेशर स्विच लागलाच नाही, म्हणजे ज्योतीचा संबंधच नाही. जुन्या एलएफएल कंट्रोलरमध्ये काचेमागे चिन्हांची चकती असते, ती कुठे थांबली यावरून कळतं. दुसऱ्या कंपनीचा कंट्रोलर असेल तर त्याच्या पुस्तिकेत असंच काहीतरी असेल. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. रिसेट केलं की ही माहिती गेली.

रॉडला ज्योत कळते कशी

हे समजलं की पुढच्या तपासण्या पाठ कराव्या लागत नाहीत, म्हणून इथे जरा थांबू.

ज्योत म्हणजे विद्युतभारित कणांचा ढग. त्यातून वीज वाहते, अगदी थोडी, मायक्रोअँपियरमध्ये. कंट्रोलर फ्लेम रॉडवर एसी व्होल्टेज देतो. करंट रॉडमधून ज्योतीत, ज्योतीतून बर्नरच्या तोंडाच्या धातूत, तिथून अर्थिंगमध्ये आणि परत कंट्रोलरमध्ये जातो. रॉड बारीक, बर्नरचं तोंड त्याच्या कितीतरी पट मोठं. त्यामुळे एका दिशेनं करंट जास्त वाहतो, उलट दिशेनं फार थोडा. म्हणजे ज्योत एसीचं डीसी करते. कंट्रोलर हा डीसी भाग शोधत असतो.

हे इतकं तिरपागडं का केलं? कारण ओलावा, काजळी किंवा शॉर्ट झालेली केबलसुद्धा वीज वाहून नेते. पण ती दोन्ही दिशांना सारखी नेते, डीसी तयार होत नाही, आणि कंट्रोलर फसत नाही. ज्योतीचं सोंग सहजासहजी वठू नये म्हणून ही व्यवस्था.

यातून दोन गोष्टी निघतात. रॉड हा सेन्सरचा अर्धा भाग आहे. दुसरा अर्धा म्हणजे बर्नरची बॉडी, तिची अर्थिंग आणि न्यूट्रल. आणि करंट इतका कमी आहे, की घराच्या वायरिंगमध्ये कोणाच्या लक्षातही येणार नाही असा सैल जोड इथे बर्नर बंद पाडतो.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

गॅस बघा. गेज असेल तर बर्नर बंद असतानाचं प्रेशर आणि पेटत्या क्षणाचं प्रेशर, दोन्ही वाचा. बंद असताना काटा बरोबर आणि पेटताना धाडकन खाली, म्हणजे फिल्टर तुंबलाय, रेग्युलेटर कमी पडतोय किंवा सिलिंडर. १९ किलोच्या सिलिंडरच्या बँकेवर चालणाऱ्या भट्ट्यांना डिसेंबर-जानेवारीत हा त्रास हमखास. एलपीजीमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन दोन्ही असतात. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्यूटेन शून्याच्या जरा खाली. सिलिंडर संपत येतो तसा ब्यूटेनचा वाटा वाढतो, गॅस खेचल्यामुळे सिलिंडर स्वतःच गार होतो, बाहेरून बर्फ धरतो आणि वाफ व्हायचं मंदावतं. प्रेशर पडलं की ज्योत लहान होते, रॉडपर्यंत पोहोचत नाही, आणि दोष येतो रॉडवर.

यावर उपाय म्हणजे बँकेत सिलिंडर वाढवणं किंवा व्हेपोरायझर (द्रव गॅसची वाफ करणारं यंत्र). सिलिंडर आडवा-उलटा करणं, त्यावर उकळतं पाणी ओतणं, खाली शेगडी ठेवणं, यांतलं काहीही नाही. उलट्या सिलिंडरमधून द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये जातो, आणि शेगडीबद्दल काही लिहायची गरज पडू नये.

दुसरी फुकट तपासणी: बिघाड लाइनवर होतो की जनरेटरवर? लाइनवर नीट आणि डीजीवर (डिझेल जनरेटरवर) लॉकआउट, ही तक्रार इतक्या ठिकाणी भेटते की मी फोनवर हाच प्रश्न आधी विचारतो. कारण सोपं आहे. महावितरणच्या लाइनचा न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो, म्हणून बॉडीत गेलेला ज्योतीचा करंट अर्थिंगमधून न्यूट्रलला मिळतो आणि वर्तुळ पुरं होतं. जनरेटरचा न्यूट्रल कोणी अर्थ केलेलाच नसेल तर परतीची वाट बंद. त्यात चेंजओव्हर चार पोलचा असेल तर लाइनचा न्यूट्रलही त्या वेळी तुटलेला असतो. बाकी सगळं चालतं, दिवे, मोटर, कॉम्प्रेसर. फक्त बर्नरला ज्योत दिसत नाही. मालक म्हणतो, "वीज तर आहे ना!" आहे, पण अधांतरी आहे.

हाच प्रकार पॅनलमध्ये कंट्रोल ट्रान्सफॉर्मर बसवल्यावर होतो. ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूचं एक टोक अर्थ करून त्याला न्यूट्रल करावं लागतं. पॅनल बनवणाऱ्यानं ते केलं नसेल तर नवाकोरा बर्नर पहिल्या दिवसापासून लॉकआउटला जातो. काही यूपीएस आणि स्टॅबिलायझरवरही हेच.

एका मल्टिमीटरचं काम

बर्नरच्या टर्मिनलवर तीन मापं घ्या. ही मापं चालू लाइनवर घ्यायची आहेत; ज्याला त्याची सवय आहे त्यानंच घ्यावीत.

फेज ते न्यूट्रल: २३० च्या आसपास. फेज ते अर्थ: जवळपास तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ: एक-दोन व्होल्ट, फार तर चार.

न्यूट्रल ते अर्थ तीस-चाळीस किंवा शंभरच्या पुढे दिसलं तर अर्थिंग तुटलंय किंवा न्यूट्रल अधांतरी आहे. न्यूट्रल ते अर्थ २३० आणि फेज ते अर्थ शून्य, म्हणजे फेज-न्यूट्रल उलटे झालेत. मोटर उलट्या फेज-न्यूट्रलवर खुशाल चालते, म्हणून कोणाला कळत नाही. पण रॉडवाल्या बर्नरला फेज-न्यूट्रलची जागा बरोबर लागते. शिवाय उलट्या जोडणीत कंट्रोलर व्हॉल्व्हची वायर तोडत असला तरी दुसऱ्या वायरवर फेज उभाच असतो, हा धोका वेगळा. प्लगवर चालणाऱ्या लहान बर्नरला हे फार होतं: कोणीतरी बोर्ड बदलतो, सॉकेटच्या वायरी उलट्या लावतो, आणि दुसऱ्या दिवशी "सेन्सर गेला".

अर्थिंग नुसती दिसून भागत नाही. पावडर कोटिंगच्या कारखान्यात तर मी अर्थचा बोल्ट उघडूनच बघतो, कारण ब्रॅकेट, पॅनल, दरवाजे सगळ्यांना त्यांनी घरचं कोटिंग मारलेलं असतं, आणि कोटिंगचा थर म्हणजे अस्सल इन्सुलेशन. लगखालचा थर घासून धातू उघडा करा, दातेरी वॉशर घाला. बर्नर भट्टीला बोल्टनं बसवलाय म्हणजे अर्थ झाला असंही धरू नका. मध्ये गॅस्केट असतं. बर्नरच्या बॉडीपासून थेट वेगळी हिरवी वायर हवी.

न्यूट्रल किंवा जनरेटरची अर्थिंग बदलायची वेळ आली तर इथे थांबा. ते परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं काम आहे. चुकीच्या जागी न्यूट्रल-अर्थ जोडलेत तर बर्नर चालेल, पण मशिनच्या बॉडीला हात लावणाऱ्याला शॉक बसेल.

रॉड बाहेर काढून

मेन स्विच बंद, मेन गॅस व्हॉल्व्ह बंद, भट्टी गार. मगच रॉड काढा. काढायच्या आधी फोटो घ्या, टोक कुठे होतं ते नंतर आठवत नाही.

काळा थर असेल तर ती काजळी. ज्योतीला हवा कमी पडतेय. पुसून काम भागेल, पण महिन्याभरात परत येईल. पांढरट, काचेसारखा थर असेल तर बहुधा सिलिका. हवेत सिलिकॉनची वाफ असली, म्हणजे जवळपास सिलिकॉन सीलंट, स्प्रे किंवा मोल्ड रिलीज वापरत असले, की ती ज्योतीत जळून रॉडवर इन्सुलेशनचा थर चढवते. मल्टिमीटर गार रॉडला टोचला की थर फुटतो आणि कंटिन्यूइटी दाखवतो, म्हणून हा थर डोळ्यांनीच ओळखावा लागतो. बेकरीत मैद्याची धूळ, कापडाच्या युनिटमध्ये तंतू. ब्लोअर जी हवा ओढतो त्यात जे असेल ते इथे सापडतं.

झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासा आणि कोरड्या फडक्यानं पुसा. डिझेल, डब्ल्यूडी, कॉन्टॅक्ट क्लीनर काही लावू नका. त्याचाच नवा थर जळून बसतो. टोक झिजून निमुळतं झालेलं, वाकलेलं किंवा खपल्या निघत असतील तर रॉड बदला. त्याची किंमत एका दिवसाच्या बंद भट्टीपुढे काहीच नाही.

पोर्सेलिन उजेडात फिरवून बघा. केसासारखी चीर डोळ्यांना दिसत नसेल तर जरा ओलसर बोटाला काजळी लावून फिरवा, चीर काळी उमटते. मग पुसून टाका. रॉड वायरमधून सोडवून रॉड आणि बॉडी यांच्यात मीटर लावा: पूर्ण ओपन दिसायला हवं. काही मेगा ओहम दिसत असतील तर ओलावा किंवा चीर. पावसाळ्यात, आणि कोकणात तर बाराही महिने, सुट्टीनंतरच्या पहिल्या स्टार्टला जाणारे बर्नर बहुतेक याच कारणानं जातात: रात्रभर पोर्सेलिनवर दव धरलं, करंट ज्योतीत जायच्या ऐवजी पोर्सेलिनवरूनच बॉडीत उतरला. दुसऱ्या-तिसऱ्या स्टार्टला ते वाळतं आणि बर्नर चालू होतो, म्हणून कोणी मनावर घेत नाही.

मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर) वापरायचा मोह झाला तर कंट्रोलरची वायर आधी सोडवा. पाचशे व्होल्ट कंट्रोलरमध्ये गेले की बिघाड शोधायची गरज उरत नाही, नवा कंट्रोलरच घ्यावा लागतो.

परत बसवताना रॉडचं टोक ज्योतीत येईल पण डिफ्यूझर प्लेटला किंवा तोंडाच्या कडेला टेकणार नाही असं हवं. अंतरं पुस्तिकेत चित्रासकट दिलेली असतात, ती अंदाजानं घेऊ नका. रॉडची वायर इग्निशनच्या केबलसोबत बांधलेली असेल तर वेगळी करा. लगवर चिमटा मारून ओढून बघा.

मायक्रोअँपियर मोजणं

इथपर्यंत सगळं ठीक आणि तरी लॉकआउट, तर आता अंदाज बंद आणि मोजमाप सुरू. मायक्रोअँपियर डीसी रेंज असलेला मल्टिमीटर लागतो. साधा स्वस्त मीटर बहुधा मिलिअँपियरवरच थांबतो. मीटर रॉडच्या वायरमध्ये सिरीजमध्ये, लाल टोक कंट्रोलरकडे आणि काळं रॉडकडे. बऱ्याच बर्नरमध्ये यासाठी वायरच्या मध्ये काढता येणारा कनेक्टर दिलेला असतो. जोडणी पॉवर बंद करूनच करा, आणि बर्नर चालू असताना त्या टोकांना हात लावू नका. रॉडच्या वायरवर जवळजवळ लाइनचं व्होल्टेज असतं. ठिणगी आणि डिटेक्शन एकाच इलेक्ट्रोडनं होणारा बर्नर असेल तर हे मोजमाप करूच नका. ठिणगीचे हजारो व्होल्ट मीटरमधून तुमच्यापर्यंत येतील.

किती हवा? एलएमईला थोडेच मायक्रोअँपियर पुरतात, नेमका किमान आकडा पुस्तिकेत असतो. जुन्या कंट्रोलरना याहून जास्त लागतो, तो आकडा त्यांच्या पुस्तिकेत बघा. किमान आकड्याला टेकलेलं रीडिंग मी पास करत नाही. दुप्पट-तिप्पट हवं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्थिर हवं. आठ, तीन, सात, दोन असा नाचणारा आकडा हा सलग चारपेक्षा वाईट. नाचणारा आकडा म्हणजे ज्योत रॉडवरून उडतेय किंवा जोड सैल आहे.

रीडिंग शून्य आणि ज्योत समोर दिसतेय: वायर तुटली, अर्थ नाही किंवा रॉड बॉडीला टेकलाय. रीडिंग कमी पण स्थिर: थर, चुकलेली जागा किंवा हवा-गॅसचं प्रमाण. हवा फार जास्त झाली तरी करंट पडतो आणि गॅस फार जास्त झाला तरी पडतो. रीडिंग मायनसमध्ये आलं तर टोकं उलटी लागलीत, घाबरू नका.

एक चकवा असतो. ठिणगी चालू असेपर्यंत रीडिंग कमी आणि ठिणगी बंद झाल्यावर चांगलं, पण तेवढ्यात सेफ्टी टाइम संपून जातो. ठिणगीचा करंट ज्योतीच्या करंटमध्ये ढवळाढवळ करतोय. इग्निशन ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की पुष्कळदा सुटतं. अर्थात पॉवर बंद करून.

रॉडऐवजी युव्ही सेल असेल तर

युव्ही सेल ज्योतीतले १९० ते २७० नॅनोमीटरचे किरण बघतो. सूर्याचे हे किरण वातावरणात वरच अडतात, म्हणून भट्टीचं दार उघडं राहून ऊन आत आलं तरी तो फसत नाही. तापलेल्या लाल विटांनाही नाही. ठिणगी मात्र त्याला ज्योतीसारखीच दिसते. म्हणून ठिणगी असेपर्यंत "ज्योत आहे" आणि ठिणगी बंद होताच "ज्योत गेली" असं होत असेल, तर सेलची नजर ज्योतीवर न पडता ठिणगीवर पडतेय.

पहिलं काम म्हणजे सेल बाहेर काढून काच मऊ कापडानं पुसणं. तेलाचा किंवा वाफेचा पातळ थर आपल्याला पारदर्शक वाटतो, युव्हीला तो पडदा असतो. दुसरं, सेल आणि ज्योत यांच्यामध्ये साइट ग्लास असेल तर ती क्वार्ट्झचीच हवी. फुटलेल्या काचेच्या जागी कोणीतरी मापाची साधी काच कापून बसवतो, दिसायला फरक शून्य, आणि साधी काच हे किरण जवळजवळ पूर्ण गिळते. त्यानंतर तीन सेल बदलले तरी सिग्नल येणार नाही. तिसरं, सेलची बॉडी हाताला चटका देईल इतकी गरम राहत असेल तर त्याचं आयुष्य झपाट्यानं संपतं. काही सेलना पोलॅरिटी असते. वायरी क्षणभर उलट्या लागल्या तरी ट्यूब कामातून जाऊ शकते, म्हणून रंग बघून लावा.

आता ते गंभीर लक्षण. जुनी झालेली युव्ही ट्यूब कधी कधी अंधारातही "ज्योत आहे" सांगत राहते. बर्नर बंद करून सेल काढा, तळव्यानं पूर्ण झाका आणि स्टार्ट द्या. तरीही कंट्रोलर ज्योत दाखवतोय तर सेल लगेच बदला. सुरू होताना कंट्रोलर ही चोरी पकडतो आणि लॉकआउटला जातो. पण बर्नर दिवसरात्र सलग चालू असेल तर पकडायला संधीच मिळत नाही: खरी ज्योत विझली तरी सेल "आहे" म्हणत राहील आणि गॅस सुटत राहील. म्हणून साधा सेल असलेला बर्नर चोवीस तासांत एकदा तरी बंद-चालू झालाच पाहिजे. सलग चालवायचा असेल तर स्वतःची तपासणी करणारा, शटरवाला सेल आणि त्याला जुळणारा कंट्रोलर लागतो.

सेल झाकल्यावर सिग्नल जातो, जागेवर लावला की पर्जमध्येच येतो? मग आत खरंच ज्योत असू शकते. गॅस व्हॉल्व्ह गळतोय. मेन व्हॉल्व्ह हातानं बंद करा, स्टार्ट देऊ नका, फोन करा.

बिघाड गेल्यावर दोन चाचण्या

दुरुस्तीनंतर बर्नर चालू झाला म्हणजे काम संपलं नाही. तो बंद होतो का, हे कोण बघणार?

पहिली: बर्नर चालू असताना मेन गॅस व्हॉल्व्ह हातानं बंद करा. ज्योत विझल्यापासून साधारण सेकंदाभरात सोलेनॉइड "खट्" करून बसायला हवा. त्यानंतर तो लॉकआउटला जाईल किंवा एकदा पर्ज करून पुन्हा प्रयत्न करेल, मॉडेलप्रमाणे. गॅस प्रेशर स्विच असेल तर तो ज्योतीच्या आधीच बर्नर बंद करू शकतो, म्हणून दुसरी चाचणीही करा: पॉवर बंद करून रॉडची वायर सोडवा, टोक इन्सुलेट करून बॉडीपासून लांब ठेवा आणि स्टार्ट द्या. ज्योत पेटून सेफ्टी टाइम संपताच विझली पाहिजे आणि लाल दिवा लागला पाहिजे. युव्ही असेल तर सेल बाहेर काढून झाकून हेच करा.

वायर काढलेली असतानाही बर्नर चालतच राहिला, तर त्या क्षणी मेन गॅस बंद. कोणीतरी आत खोट्या ज्योतीचा जुगाड केलेला आहे किंवा कंट्रोलर खराब आहे. असे जुगाड प्रत्यक्षात सापडतात, आणि करणारा बहुतेक वेळा नोकरी सोडून गेलेला असतो.

इथे थांबा

गॅसचा वास आला तर मीटर, मोबाइल, स्विच काहीही न चालवता माणसं बाहेर काढा आणि गॅस बाहेरून बंद करा. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, खड्ड्यात, केबल ट्रेंचमध्ये साचतो. वर वास नाही म्हणून खाली गॅस नाही असं होत नाही. गळतीसाठी १९०६ हा नंबर आहे. पीएनजी असेल तर गॅस कंपनीचा आपत्कालीन नंबर मीटरपाशीच लिहून ठेवा.

बर्नर बंद झाल्यावरही आत ज्योत रेंगाळत असेल, पेटताना "धप्" आवाज होऊन दार हलत असेल, ज्योत पिवळी-लांब असेल किंवा तोंड सोडून उडत असेल, तर पुढे जाऊ नका. डँपर (हवेची झडप), गॅसचा स्क्रू, नोझल हे फ्लू गॅस अॅनालायझर लावूनच फिरवायचं काम आहे. ज्योत निळी दिसली म्हणून कार्बन मोनॉक्साइड नाही, असं डोळ्यांनी सांगता येत नाही. एलपीजीवरून पीएनजीवर आल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल तर आधीच सांगा. दोन्ही गॅसची उष्णता आणि प्रेशर वेगळं, आणि सेटिंग अर्धवट राहिलेलं असण्याची शक्यता मोठी.

कंट्रोलर उघडून रिले साफ करणं, ट्रॅक जोडणं, बाजारातून "रिपेअर केलेला" आणणं, यांपैकी काही नाही. वर सांगितलेलं सगळं तपासूनही दोष राहिला तरच कंट्रोलर बदला, आणि त्याच नंबरचा घ्या. शेवटची एक-दोन अक्षरं किंवा आकडे बदलले की पर्जची आणि सेफ्टीची वेळ बदलते. बर्नर चालेल, पण भट्टीला पुरेसा पर्ज मिळणार नाही.

टेक्निशियनला फोन करताना "सेन्सर गेलाय" म्हणू नका. कंट्रोलरचा पूर्ण नंबर, दिव्याची उघडझाप किती वेळा, ज्योत दिसली की नाही, लाइनवर की डीजीवर, न्यूट्रल ते अर्थ किती व्होल्ट आणि जमलं असेल तर मायक्रोअँपियरचा आकडा, एवढं सांगा. कोणता पार्ट घेऊन निघायचं ते त्याला तिथूनच कळेल.